जोड लावणारे गुरुजी

गुरुजी आमच्या पडवीत भाड्यानं राहायला आले, त्या सकाळी मी अंगण नुकतंच सारवलं होतं. खांद्यावरची पत्र्याची पेटी खाली ठेवायच्या आधीच ते ओल्या सारवणावर उमटलेल्या माझ्या पावलांपाशी उकिडवे बसले. एका ठशात बोट बुडवून बघितलं. मग मान वर करून मला म्हणाले, "बावन्न किलो. उजवं अंग जड. वैनी, कळशी रोज त्याच कमरेवर घेता ना? दुसरी कंबर काय माहेरी ठेवलीय?"

हसावं का रागवावं, मला कळेना. नवा भाडेकरू, पहिला दिवस, आणि हे बोलणं! आतून सासूबाई ओरडल्या, "कोण गो त्यो? मापं घ्यायला शिंपी आलाय काय?"

शिंपी नव्हे, आमच्या गावच्या शाळेवर बदलून आलेले गुरुजी. आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून. त्याच शाळेत मी पोरांची खिचडी शिजवायला होते. म्हणजे आम्ही एकाच ठिकाणचे नोकरदार म्हणायचे, ते वर्गात आणि मी चुलीपाशी. ते मूळचे डोळखांबकडचे, एकटे, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. रिटायर झाले तरी पडवी सोडली नाही. म्हणायचे, "आता कुठं जाऊ? या घरातल्या सगळ्यांची वजनं मला पाठ झालीत."

वजन हा त्यांचा नाद. काटा त्यांनी आयुष्यात वापरला नाही. पुरुषमाणूस किंवा पोर समोर आलं, की दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवायचे, एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं हलवायचे आणि आकडा सांगायचे. बायकांना हात लावायचे नाहीत, त्यांचं पावलांवरून चालायचं. एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. सगळे हात जोडून उभे, आणि गुरुजींनी साहेबांना खांद्यांना धरून हलवलं. "अठ्ठ्याऐंशी," म्हणाले. "त्यातलं आठ किलो पोटात फुकट हाय. साहेब, जिना चढताना धाप लागते ना?" मला वाटलं, आता यांची बदली थेट डोंगरापलीकडं. पण साहेब गडी बरा होता. जाताना गुरुजींना बाजूला घेऊन विचारत होता, सकाळी किती चालू म्हणून.

वजनाच्या पुढची पायरी म्हणजे जोड. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना एकटी दिसायची नाही. ती कुणाच्या जोडीला लागेल हेच त्यांच्या डोक्यात. वर्गात बाकावर पोरं बसवायची ती जोड बघून, एकानं दुसऱ्याला ढकललं तर दुसऱ्याला परत ढकलता आलं पाहिजे. खिचडीच्या पंगतीत दांडगं पोर बारक्याशेजारी बसू द्यायचे नाहीत. माझ्या फळीवरचे डबेसुद्धा त्यांनी एकदा हलवून ठेवले, तांदळाच्या शेजारी नाचणीचा, डाळीच्या शेजारी गुळाचा. लग्नाला गेले तर अक्षता हातात धरून नवरानवरीकडं बघत बसायचे आणि माझ्या कानाशी पुटपुटायचे, "वैनी, बरोबरीत सुटेल ही." किंवा, "अरेरे. नवरा पहिल्या मिनिटाला चीत." मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, हळू बोला, मांडवातनं हाकलतील." ते म्हणाले, "मी कुठं खोटं बोलतोय?" आणि खरं सांगते, त्यांचे अंदाज चुकलेले मला तरी आठवत नाहीत.

पण त्यांची खरी जागा म्हणजे जत्रेतला आखाडा. ज्यांनी आमच्याकडच्या कुस्त्या बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चैत्रात आमच्या देवीची जत्रा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून कुस्त्या. भात कापून मोकळं पडलेलं खाचर नांगरायचं, ढेकळं फोडायची, हळद टाकायची, झाला आखाडा. लोक चारी बाजूंच्या बांधांवर बसतात. कुस्ती खेळायला कुणीही येतं, शहापूर तालुक्यातनं, मुरबाडातनं, घाटावरनं, आता मुलीही येतात. नावनोंदणी नाही, काटा नाही. पोरं लांग-लंगोट कसून कडेला उभी राहतात आणि पंच त्यांच्यात फिरून ठरवतो की ह्याची जोड त्याच्याशी. त्याला जोड लावणं म्हणतात. पहिल्या कुस्त्या बारक्या पोरांच्या, नारळाच्या बक्षिसावर. मग पितळी-तांब्यासारख्या भांड्यांवर, आणि शेवटची ढालीवर.

ही जोड गुरुजी लावायचे. तीस वर्षं. पैलवान ते कधीच नव्हते, अंगावर मूठभर मांस. पण खांदे हलवून, पाय बघून ते अशी जोड लावायचे की कुस्ती शेवटपर्यंत कुणाची ते कळायचं नाही आणि हरलेलं पोरगं कपडे झटकून हसत उठायचं.

एकच वर्ष ते आखाड्यात नव्हते. तापानं फणफणून आमच्या पडवीत पडले होते. त्या वर्षी जत्रा कमिटीतल्या तरण्या पोरांनी जोडी लावल्या, त्याही हशा पिकावा म्हणून. जाड्यासमोर काटकुळा, उंचासमोर बुटका. उंबरमाळीकडचं एक पोरगं दुप्पट वजनाच्या गड्याखाली सापडलं आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. तो हात नंतर कधी पुरता वर गेला नाही. गुरुजी ताप उतरल्यावर बस बदलून बदलून त्याला बघायला गेले, चार वेळा. कुणी त्यांना म्हटलं, यात तुमचा काय दोष, तर म्हणायचे, "माझी जागा रिकामी होती ना."

आता माझ्या नातीचं सांगते, म्हणजे गोष्ट पुढं जाईल. तन्वी तेव्हा आठ वर्षांची. मुलगा-सून भिवंडीला कामाला, दोघांच्या पाळ्या, म्हणून पोरगी माझ्याकडं. पोरगी गुणी, पण कागद-पेन्सिल मिळाली की जगाला विसरणारी. पंचांगाच्या पाठीवर, साखरेच्या पुडीवर, एकदा तर माझ्या नव्या परकराच्या काठावर चित्रं काढून ठेवली. आणि आवाजाला भारी भित्री. गणपतीत डीजेची गाडी आमच्या दारावरनं गेली, तर पोरगी माझ्या पदरात तोंड घालून लटलट कापत होती, दोन दिवस धड जेवली नाही. सुनेनं मला बजावलं होतं, "आई, काय पण करा, तिला गर्दीत नेऊ नका." मी शब्द दिला होता.

गुरुजींना आधी तिचं कौतुक नव्हतं. "पेन्सिल घासून दंड भरत नाय गो," म्हणायचे. "वहीत डोकं घालून मानेला बाक येईल." तीही कमी नाही. "तुमी बसता तेव्हा तुमच्या पाठीला येतो तो," म्हणायची. पण एकदा ती ओट्यावर बसून आमच्या शेजारणीचं चित्र काढत होती, आणि गुरुजी मागं उभे राहून बघत राहिले. सगळी पोरं माणूस काढताना आधी डोकं काढतात, गोल गरगरीत. ही आधी टाचा काढते. मग घोटे, मग पोटऱ्या, असं खालून वर.

"पायापासून का काढतेस?" गुरुजींनी विचारलं.

"तोंड कसं पण करता येतं," ती म्हणाली. "पाय खोटं उभं राहत नायत."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण त्यांचा तसा चेहरा मी बघितला नव्हता. "वैनी," म्हणाले, "हे मला कळायला वीस वर्षं लागली." त्या दिवसापासून दोघांची गट्टी. ओट्यावर बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याचे पाय बघायचे. "ही माहेराहून आली." "ह्याला चप्पल चावते." "हा दारू पिऊन सरळ चालायचा प्रयत्न करतोय." दोघंही खुसुखुसु हसायची. रस्त्यानं जाणारी माणसं आमच्या घरासमोर आली की पाय उचलून जपून चालायला लागली, आता काय सांगू!

आणि मग एका सकाळी मला ते कळलं. मी बादली घेऊन अंगणात उभी होते. गुरुजी समोर, माझ्याकडं पाठ. दोरीवर माझी हिरवी साडी वाळत होती आणि गुरुजी साडीला म्हणत होते, "वैनी, पाणी तापलं काय?" साडी काय बोलणार? "बोलत का नाय? रागावलाव काय माझ्यावर?"

"गुरुजी," मी मागून म्हटलं, "मी हतं हाय."

ते वळले. "माहीत हाय. गंमत करत होतो." पण कान लाल झाले होते.

मी बादली खाली ठेवली. "अंगणात कोंबड्या किती?"

"तीन."

कोंबडी एकच होती. बाकीच्या दोन नारळाच्या सोललेल्या सोडणी. गुरुजी तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, "चार महिने झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं ताकात बुडल्यासारखं दिसतं."

"मग तालुक्याला जाऊन काढून टाका. लोक सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात."

"जत्रा झाल्यावर."

"जत्रा आठ दिवसांवर आलीय! आखाड्यात जोड कशी लावणार?"

"वजन हातानं कळतं."

"आणि पाय?"

त्यांनी डोळे चोळले. मी म्हटलं, सांगून टाका कमिटीला, दुसरा कुणी लावेल जोड. तर म्हणाले, "दुसरा म्हणजे बंड्या." बंड्या म्हणजे कमिटीतला माइकवाला. तोंडानं गोड, पण त्याला आखाड्यात तमाशा हवा असायचा. उंबरमाळीच्या पोराची जोड त्यानंच लावलेली. "यंदा तर त्यानं शहराकडनं मुखवटावाला पैलवान ठरवलाय. धूर काय, गाणी काय. वैनी, मी जागा सोडली तर तो यंदा कुणाचं तरी हाड मोडणार. आणि नाय सोडली तर माझ्या आंधळेपणानं मोडेल. मला एक दुपार डोळे पायजेत."

असं म्हणून ते ओट्याकडं बघायला लागले. ओट्यावर तन्वी बसली होती.

मी साफ नाही म्हटलं. सुनेला शब्द दिलेला. शिवाय गर्दी, ढोल, डीजे, पोरगी घाबरून पडली तर? आणि लोकांच्या पोरांची हाडं आठ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर ठेवायची, हा काय शहाणपणा? आम्ही दोघं तावातावानं बोलत असताना पोरगी खाली उतरून आली.

"तिथं सगळ्यांचे पाय दिसतात?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचे," गुरुजी म्हणाले. "उघडे. चप्पल पण नाय."

तिनं जरा विचार केला. "मग येते. पण कानात कापूस." पोरगी आपणहून गर्दीत यायला तयार झाली म्हटल्यावर मी नमले, सुनेला नंतर सांगू म्हटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. गुरुजींचे दोन्ही डोळे आज ठणठणीत आहेत. जत्रेनंतर पंधरा दिवसांत एकाचं आणि पावसाळ्याआधी दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर घरी आले आणि पहिलं काय म्हणाले? "वैनी, तुमी म्हाताऱ्या कधी झालाव?" आता डोळखांबला बहिणीकडं असतात. तीही म्हातारी, तिला सोबत हवी होती. पडवी रिकामी झाली तेव्हा मी दोन दिवस तिकडं फिरकले नाही. फोन करतात अधूनमधून. बहिणीचं वजन दोन किलोनं वाढलंय म्हणे, ती मानत नाही.

तर त्या दिवसाचं. खाचराच्या कडेला घमेलं उलटं घालून त्यावर तन्वीला बसवली. कानात कापूस, त्यावरनं रुमाल बांधलेला, मांडीवर वही. मी तिच्या मागं बांधावर, पाय ताठ, वाटलं तर उचलून पळायच्या तयारीत. गुरुजींनी लोकांना सांगितलं, पोरगी चित्रं काढायला आलीय. कुणाला काय पडलंय?

काम असं चाललं. पोरगं आलं की गुरुजी खांदे धरून हलवायचे, वजन मनात ठेवायचे. मग हिच्याशेजारी येऊन वाकायचे, जणू चित्र बघतायत. ही कुजबुजायची. "हा पुढच्या बोटांवर उभा राहतो." "हा पाय फाकवून." "ह्याला भीती वाटतेय, अंगठे वर उचललेत." मग गुरुजी जाऊन दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. पहिली नारळाची कुस्ती लागली. दोन चिमुरडी एकमेकांत गुंतली, उठली, पडली, आणि एक चीत झाला तेव्हा दोघंही हसत होती. दुसरी तशीच. मग दोन मुलींची लागली. त्या इतक्या बरोबरीच्या की शेवटी सोडवावी लागली आणि नारळ फोडून अर्धा अर्धा दिला. चारपाच कुस्त्या झाल्यावर माझे पाय सैल पडले. शेंगदाणे घेतले. शेजारची म्हातारी म्हणाली, "यंदा जोडी काय लावल्यात गो गुरुजींनी! नजर हाय माणसाला." मी शेंगदाणे चावत राहिले.

ऊन कलताना ढालीची कुस्ती आली, आणि एकदम डीजे वाजला. धुराचे लोट सुटले. धुरातनं काळा मुखवटा, काळी झूल घातलेला आडदांड पैलवान बाहेर आला. बंड्या माइकवर किंचाळला, "मंडळी, आला रे आला, काळा बिबट्या! हाय का कोण मर्द ह्याला भिडायला?"

तन्वीची पेन्सिल थांबली. रुमालावरनं दोन्ही हात कानांवर गेले. मी उठलेच. पण गुरुजी माझ्या आधी तिच्यासमोर बसले, धुराला पाठ करून. "वर बगू नको," म्हणाले. "पाय बग. फक्त पाय. काढ."

तिनं डोळे खाली केले. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग एक हात कानावर ठेवून दुसऱ्यानं रेघ ओढली. "गुरुजी," म्हणाली, "बिबट्याचे पाय आमच्या बाबासारखे हायत. पाळीवरनं आल्यासारखे."

तोवर बिबट्याला भिडायला आमच्या गावचा गणेश उतरला. सकाळी घरोघर दूध घालतो तो. बांधांवर आरोळी उठली. गुरुजींनी त्याचे आणि बिबट्याचे खांदे हलवले. वजन बरोबर होतं, दोघंही ऐंशीच्या आसपास. ते तन्वीकडं आले.

"गणूकाका डावी टाच टेकवत नाय," ती म्हणाली.

"नीट बग."

"बगितलं. तीनदा काढली. टेकवतच नाय."

गुरुजी परत गेले आणि आशीर्वाद द्यायचं सोडून गणेशच्या पायाशी बसले. घोटा हातात धरला. नंतर मला म्हणाले, तापल्या तव्यासारखा लागत होता, वरनं तेलहळद चोळून सूज लपवलेली. "कधी मुरगळला रे?" त्यांनी हळूच विचारलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"परवा," गणेश दात आवळून म्हणाला. "गुरुजी, पाया पडतो, बोलू नका. मुलीकडचे पाव्हणे बसलेत समोर. मी माघार घेतली तर काय म्हणतील?"

गुरुजी उठले. "जोड लागत नाय," मोठ्यानं म्हणाले.

बांधांवरनं शिट्ट्या. बंड्या माइक घेऊन धावत आला. "काय गुरुजी? वजन बरोबर, उंची बरोबर. धूर सोडला, गाणं वाजवलं, आणि आता जोड लागत नाय? काय दिसलं तुमाला ते पब्लिकला सांगा!" आणि माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

आता काय सांगणार? गणेशचं पाऊल सांगितलं तर पोराची लाज सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर. नाही सांगितलं तर कुस्ती होणार आणि तो पाय जाणार. माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी केव्हा चुरगळली मला कळलं नाही.

गुरुजींनी माइक हातात घेतला.

"मला काय दिसत नाय," ते म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं टोमणा आहे.

"खरंच सांगतो. चार महिने झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता ही शेवटची कुस्ती, मोठी कुस्ती. ज्याला दिसत नाय त्यानं ही जोड लावू नये, आणि मी लावली नाय तर हतं दुसऱ्या कुणी लावायची नाय. गणेशचा यात काय संबंध नाय. तो तयार होता. मीच आंधळा हाय."

डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग दुपारपासनं जोडी कोण लावतंय?"

गुरुजींनी हात लांब करून घमेल्यावर बसलेल्या पोरीकडं बोट केलं. जरा चुकलंच बोट, शेजारच्या खांबाकडं गेलं. तन्वी उठली आणि जाऊन त्यांच्या बोटासमोर उभी राहिली.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता शिव्या पडणार, दगड पडणार. पण ती माझ्या शेजारची म्हातारी, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मग काय झालं रे? दुपारपासनं एक तरी पोरगं रडलं काय? बंड्या, तुझ्या वर्षी रडलं होतं!" आणि बांधावरनं हशा उठला, पण बंड्यावर. बंड्याही शेवटी हसला, दुसरं काय करणार.

सगळ्यांत आनंद कुणाला झाला म्हणाल, तर काळ्या बिबट्याला. त्यानं मुखवटा वर सरकवला. आतनं घामानं निथळलेला, चाळिशीचा, मिशा पिकायला लागलेला साधासुधा माणूस निघाला. मला म्हणाला, "मावशी, पाणी हाय काय? बरं झालं गुरुजींनी थांबवलं. माझी पाठ दोन दिवस धरलीय. पण आडव्हान्स घेतला होता ना." पाणी प्याला, आणि मग स्वतःच माइक घेऊन म्हणाला, "काळा बिबट्या एका माणसाशी खेळत नाय! सहा पायजेत! दहा वर्षांखालचे!" झालं, सहाच्या ठिकाणी पंधरा पोरं त्याच्या अंगावर तुटून पडली. कुणी पायाला, कुणी गळ्याला. तो गुरगुरत होता, फिरत होता आणि शेवटी असा धडाम् पडला की बांधावरची माणसं पोट धरून लोळली. डीजे परत सुरू झाला होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा तन्वीच्या कानातला कापूस खाली मातीत पडलेला होता आणि ती वहीवर ओणवी होऊन पंधरा पोरांचे तीस पाय काढत होती.

आखाडा मोडला. लोक रस्त्याकडं निघाले. गुरुजी बांधाच्या टोकाला, जिथनं सगळे बाहेर पडतात तिथं बसले. मी म्हटलं, चला घरी, चहा ठेवते. हलेनात. तन्वीला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, वही उघड. एकेक बग. सगळे नीट चालतायत काय ते सांग."

ती चित्रांवरनं बोट फिरवत सांगायला लागली. "पहिला नारळवाला... चालतोय. आईच्या कडेवर बसायला मागतोय, पण चालतोय. त्या दोन मुली... पळतायत. बिबट्या... वडापाव खातोय."

"गणेश?"

"गणूकाका हळू चालतोय. त्याच्यासोबत एक आजोबा हायत, फेटेवाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय."

"पाव्हणे," मी म्हटलं. गुरुजींनी मान हलवली.

"अजून?"

"अजून..." ती थांबली. "गुरुजी, एक लंगडतोय."

गुरुजींचा हात जमिनीवर टेकला. "कोण? कितवा? कुठल्या पायानं?"

"पितळीच्या कुस्तीतला. लाल लांगवाला. उजवा पाय उचलून उचलून टाकतोय."

"वैनी, बगा, बगा जरा—"

मी उठून बघितलं. खरंच, पोरगं उड्या मारत चालल्यासारखं करत होतं. मग गर्दी जरा हलली आणि तन्वी खुदकन हसली. "एकाच पायात चप्पल हाय त्याच्या! दुसरी हरवली. खडी टोचतेय."

गुरुजी हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता डोळ्यांतनं पाणी. "मूर्खा," म्हणाले कुणाला कोण जाणे, "दोन्ही काढून चाल की!" मग त्यांनी स्वतःच्या चपला पायांतनं काढल्या, एकीवर एक ठेवली आणि समोर धरल्या. "जा, दे त्याला."

रस्ता माणसांनी गच्च भरलेला. ढोलवाले तिथंच शेवटचं वाजवत होते. मी हात पुढं केला, मी देते म्हणून. पण चपला तोवर तन्वीच्या छातीशी होत्या आणि ती त्या गर्दीत शिरली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

गुरुजी अनवाणी पाय बांधावरनं खाली सोडून बसले होते, मान वाकडी करून, कान त्या आवाजाकडं लावून.

"गेली काय गो ती?"

"गेली."

"चालत?"

"नाय गुरुजी," मी म्हटलं, "धावत."